मोठ्या आईचा पाय

आमच्या घरच्या एकाही फोटोत मोठ्या आईचा डावा पाय नाही. आत्याच्या साक्षगंधाच्या फोटोत ती खुर्चीमागे उभी आहे. माझ्या बारशाच्या फोटोत तिच्यापुढे पाळणा आहे. दादाच्या लग्नात सगळा गोतावळा ओळीने बसला, तेव्हा तिने पुढे दोन लहान मुलांना बसवून घेतलं आणि लुगड्याचा घोळ त्यांच्या पाठीमागे सारला. ती गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो शोधत होतो, तेव्हा हे माझ्या लक्षात आलं. चाळीस-पन्नास वर्षं तिने हे केलं आणि आम्ही इतकी माणसं घरात असून आम्हाला ते दिसलं नाही. की दिसत होतं, आणि बघायचं नाही असं आम्ही सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं?

मोठी आई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. आमचं घर नागपुरातल्या तांडापेठेतलं, विणकरांचं. पुढच्या खोलीत खड्डा माग होता. मोठे बाबा खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि दिवसभर धोटा इकडून तिकडे पळायचा. मोठी आई मागच्या पडवीत रहाटावर कांड्या भरायची. एक पाय दुमडलेला, दुसरा पसरलेला आणि त्यावर फडकं. ते फडकं कधी सरकायचं नाही. भंडाऱ्याकडून लग्न होऊन आली तेव्हा तिचे दोन्ही पाय सारखे होते, हे मला आजीने सांगितलं होतं. तिसऱ्या बाळंतपणानंतर डाव्या घोट्याशी सूज दिसली. सकाळी उतरायची, संध्याकाळी चढायची. पुढे सकाळीही उतरेना. मला कळायला लागलं तेव्हा तो पाय गुडघ्याखाली खांबासारखा सरळ झाला होता, घोटा कुठे संपतो आणि पाऊल कुठे सुरू होतं ते कळत नसे. कातडी जाड, काळसर, खरखरीत. बोटांवर बारीक गाठी. हत्तीरोग.

वर्षातून चार-पाच वेळा तिला हुडहुडी भरून ताप यायचा. जांघेत अवधाण यायचं, पाय लाल व्हायचा आणि नुसत्या चादरीचा स्पर्शही तिला सोसायचा नाही. घरात म्हणायचे, अमावास्या जवळ आली. कुणी म्हणायचं पौर्णिमेचं आहे. ताप तीन-चार दिवसांत उतरायचा, पण प्रत्येक वेळी पाय थोडा आणखी मोठा करून जायचा. उपाय सगळे झाले. एरंडाची पानं गरम करून बांधली, विटेचा शेक दिला, कुणाच्या तरी सांगण्यावरून बिब्बा लावला. बिब्ब्याने कातडी भाजून निघाली आणि ती जखम महिनाभर वाहत राहिली. शेवटी दृष्टही काढून झाली. आजी म्हणायची, विहिरीवर उतारा ओलांडला असेल. शेजारची एक बाई म्हणायची, मागच्या जन्मी कुणाला तरी लाथ मारली असेल. हे मोठ्या आईच्या देखत बोललं जायचं आणि ती कांड्या भरत राहायची.

मी आठ-नऊ वर्षांची असताना रात्री नऊ-साडेनऊनंतर दाराची कडी वाजायची. मोहल्ल्यात बातमी आधीच पसरलेली असायची, ‘रक्तवाले येऊन राहिले.’ दोन माणसं, हातात टॉर्च, खांद्याला पिशवी, पिशवीत काचपट्ट्यांची पेटी. बोटाला सुई टोचायची, थेंब काचपट्टीवर पसरायचा, नाव लिहायचं. आम्ही मुलं गोधडीत शिरून श्वास रोखायचो. मोठे बाबा दारात उभे राहून म्हणायचे, ‘दिवसा या ना जी. लेकराईची झोप मोडता.’ त्यांतला एक दरवेळी एकच उत्तर द्यायचा. ‘दिवसा नाही सापडत जी ते.’

ते म्हणजे काय, हे त्याने कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मोठी आई तोवर मागच्या दाराने न्हाणीत जाऊन उभी राहिलेली असायची. पायाचा माणूस घरात आहे हे बाहेर लिहिलं गेलं तर पोरींची लग्नं अडतील, अशी भीती होती.

पुढे खूप वर्षांनी मला त्या उत्तराचा अर्थ कळला. हत्तीरोगाचा कृमी माणसाच्या लसीकावाहिन्यांत, म्हणजे अंगातलं पाणी परत रक्ताकडे नेणाऱ्या बारीक नळ्यांत, राहतो. आपल्याकडे जवळजवळ सगळीकडे तो एकाच जातीचा, वुचेरेरिया बँक्रॉफ्टी. मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब, नर तिच्या निम्म्याहून कमी, दोन्ही पांढऱ्या सुतासारखे बारीक. फायलेरिया हा शब्दच लॅटिनमधल्या धागा या शब्दावरून आला आहे. ज्या घरात चार पिढ्या धाग्यावर जगल्या त्या घरातल्या बाईच्या पायात तो धागा होता, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. ही मादी वर्षानुवर्षं जगते आणि लाखो सूक्ष्म पिल्लं सोडत राहते. ती पिल्लं दिवसा फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडून असतात आणि रात्री, साधारण दहा ते दोनच्या सुमारास, कातडीजवळच्या रक्तात येतात. नेमका त्याच वेळी क्युलेक्स डास चावत असतो. डासाच्या वेळेशी रक्ताची वेळ जुळून गेली आहे. म्हणून ती माणसं रात्री यायची. म्हणून दिवसा ‘ते’ सापडत नसे.

आणखी एक गोष्ट कळली. ज्यांचा पाय सुजून पुरता जड झाला आहे, अशा बऱ्याच जणांच्या रक्तात पिल्लं सापडतच नाहीत. मोठी आई न्हाणीत अंधारात उभी राहायची, तेव्हा तिच्या रक्तात बहुधा काहीच नसेल. आणि आम्ही, सरळ पायांचे, गोधडीत लपलेले, आमच्यातल्या कुणाच्याही रक्तात ती रात्री वर येत असतील. त्या दोन माणसांना तिची गरजच नव्हती. त्यांना आमच्या बोटांची गरज होती. पण हे दारात उभं राहून दोन वाक्यांत सांगायला त्यांना वेळ नव्हता, आणि ऐकून घ्यायची आमची तयारी नव्हती.

या रोगाचा संथपणा मला सगळ्यात भयंकर वाटतो. डेंग्यूचा डास चावला की चार ते दहा दिवसांत ताप येतो, माणूस मागे वळून म्हणू शकतो की कूलरमधलं पाणी बदललं नव्हतं. इथे तसं काही होत नाही. डासाच्या पोटात गेलेलं पिल्लू दहा ते चौदा दिवसांत वाढतं, पण त्याची संख्या वाढत नाही. एकाचं एकच राहतं. मग डास चावतो तेव्हा ते सोंडेतून कातडीवर उतरतं आणि डासाने केलेल्या छिद्रातून आत शिरतं. नर-मादी दोघं आत पोचून एकमेकांना भेटायला महिनोन्‌महिने, शेकडो चावे लागतात. एका डासाने एका रात्रीत हा रोग होत नाही. तो होण्यासाठी त्याच नालीशेजारी त्याच खाटेवर वर्षानुवर्षं झोपावं लागतं. बहुतेकदा लागण लहानपणी होते आणि पाय सुजतो तो तिशीत, चाळिशीत. मधल्या वर्षांत वाहिन्या सैलावतात, त्यांच्यातल्या झडपा निकामी होतात, खालचं पाणी वर चढत नाही. चावा आणि पाय यांच्यामध्ये अख्खं तारुण्य निघून जातं. मग विहिरीवरचा उतारा आणि मागच्या जन्मीची लाथ हीच कारणं उरतात, कारण जवळ हाताशी दुसरं काही नसतं.

पण आपल्याकडच्या जुन्या माणसांनी पाणी ओळखलं होतं. सुश्रुतसंहितेत या रोगाला श्लीपद म्हटलं आहे, आणि जिथे जुनं साचलेलं पाणी फार असतं, सगळ्या ऋतूंत गारवा असतो, अशा प्रदेशांत तो विशेष होतो, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. डासाचा पत्ता नाही, सूक्ष्मदर्शक नाही, तरी जुन्या पाण्यावर बोट ठेवलेलं. हे वाचताना मला नाग नदी आठवते. लाव्याच्या टेकड्यांकडून निघून अंबाझरीवरून शहरात शिरणारी, जिच्यावरून या गावाला नाव मिळालं ती नदी. माझ्या आजीने तिच्यात कपडे धुतले होते. माझ्या लहानपणी तिचा नाला झाला होता. आमच्या गल्लीतली नाली उघडी, घराच्या उंबरठ्याला लागून, काळी, कांजीसारखी दाट. क्युलेक्सला असंच पाणी लागतं. डेंग्यूच्या डासासारखं स्वच्छ पाणी त्याला नको. तुंबलेली नाली, संडासाची टाकी, सांडपाण्याचा खड्डा ही त्याची माहेरं. मोठ्या आईची बाज वर्षातले आठ-आठ महिने त्या नालीपासून पाच हातांवर असायची. आम्ही सगळे तिथेच झोपायचो.

डास आणि हा कृमी यांचा संबंध १८७७ साली कळला. चीनमधल्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन नावाचा स्कॉटिश डॉक्टर होता. त्याच्याकडे हिन-लो नावाचा माळी होता, आणि त्याच्या रक्तात ही पिल्लं होती. मॅन्सनने त्याला रात्री डासांच्या खोलीत झोपवलं, सकाळी रक्त पिऊन भिंतीवर बसलेले डास गोळा केले आणि फोडून पाहिले. डासाच्या पोटात पिल्लं वाढत असलेली दिसली. कीटकाच्या अंगात माणसाच्या रोगाचा जंतू वाढतो, हे जगात पहिल्यांदा कुणी पाहिलं ते इथे. मलेरिया आणि डास यांचा संबंध त्यानंतर वीस वर्षांनी कळला. मॅन्सनचं नाव वैद्यकाच्या प्रत्येक पुस्तकात आहे आणि ते असायलाच हवं. मला मात्र तो हिन-लो आठवत राहतो. त्याला काय सांगितलं असेल? तो त्या रात्री झोपला असेल का?

मोठ्या आईला आम्ही एकदाच मोठ्या दवाखान्यात नेलं. माझं कॉलेज सुरू होतं, मीच हट्ट केला होता. कोणता दवाखाना ते लिहीत नाही. तिथल्या डॉक्टरांनी लुगडं वर करायला लावलं, मग आजूबाजूच्या शिकाऊ मुलांना बोलावलं, आणि तिच्या पायाकडे हातातल्या पेनाने दाखवत इंग्रजीत बोलत राहिले. तिच्याशी शेवटी एकच वाक्य बोलले. आता उपयोग नाही, आधी यायचं होतं. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, ‘पोरी, त्यायनं माह्या तोंडाकडे एकडाव पाह्यलं नाही.’ त्यानंतर ती कुठल्याच दवाखान्यात आली नाही.

पायाचं निदान दिसतं तरी. पुरुषांच्यात हाच कृमी अंडवृद्धी करतो आणि ती धोतराआड राहते. आमच्या गल्लीत एक काकाजी होते, कायम सैल धोतर, सायकल सोडून दिलेली, लग्नाच्या पंगतीला कधी न येणारे. लहान शस्त्रक्रियेने बरं होणारं दुखणं त्यांनी आयुष्यभर अंगावर काढलं. हे मला ते गेल्यावर त्यांच्या मुलाने सांगितलं, आणि तेही खाली बघून.

२००६ च्या पावसाळ्यात मोठ्या आईला पुन्हा तसाच ताप आला. मी तोवर लग्न होऊन मानेवाड्याकडे राहत होते. माझ्या ओळखीतल्या एक सिस्टर होत्या, त्यांना मी घरी घेऊन गेले. त्यांनी पाय पाहिला नाही, आधी मोठ्या आईच्या शेजारी जमिनीवर बसल्या, मुलाबाळांचं विचारलं, कांड्या भरायला किती वर्षं झाली ते विचारलं. मग म्हणाल्या, ‘आजी, पाय मी धुऊन देऊ का?’ मोठी आई इतकी दचकली की तिने पाय जवळ ओढून घेतला. मोठ्या माणसाचे पाय धाकट्यांनी धुवायचे, ही आपली रीत. पण हा पाय धुवायचा असतो, तो कुणी हातात घेऊ शकतं, हे तिच्या मनालाही शिवलं नव्हतं.

सिस्टरांनी सांगितलं ते इतकं साधं होतं की मला राग आला, हे आजवर कुणीच कसं सांगितलं नाही म्हणून. ताप अमावास्येचा नसतो. सुजलेल्या पायाच्या घड्यांत, बोटांच्या बेचक्यांत ओल राहते, कातडी फाटते, बुरशी येते, आणि त्या भेगांतून जंतू आत शिरतात. लसीकेचा रस्ता बंद असल्याने ते तिथेच माजतात. ताप येतो तो त्यांच्यामुळे, आणि दर तापागणिक पाय वाढतो तोही त्यांच्यामुळे. कृमी तर केव्हाच मेलेला असू शकतो. म्हणजे पाय पहिल्यासारखा होणार नाही, पण तो वाढायचा थांबू शकतो आणि ताप थांबू शकतो. त्यासाठी साबण, पाणी आणि कोरडं फडकं लागतं.

मी पुढची आठ वर्षं, आठवड्यातून दोन-तीन दिवस, शाळेतून सुटले की तांडापेठेत जायचे. उरलेले दिवस वहिनी करायची. हे लिहिताना मला त्या संध्याकाळी अगदी हाताच्या तळव्यात जाणवतात. एक लाकडी पाट, एक पसरट घमेलं, साधं पाणी. गरम नाही. सुरुवातीला मी तिच्या आरामासाठी कोमट करायचे, पण सिस्टरांनी साधंच सांगितलं होतं. हाताला आधी साबणाचा फेस करायचा, मग तो पायाला लावायचा, वरून खाली, गुडघ्यापासून. ब्रश नाही, घासणी नाही, दगड तर नाहीच. घड्या बोटांनी उघडून आत हळूच. बोटांच्या बेचक्यांत सगळ्यात जास्त वेळ. पाणी निवळ येईपर्यंत धुवायचं आणि मग टिपायचं. पुसायचं नाही, टिपायचं. बेचक्यांत मी सुती कापडाची वळी करून घालायचे. कापड घरचंच, मागावरून उतरलेल्या जुन्या लुगड्यांचं, फार मऊ. भेग दिसली तर मलम. मग ती घोटा वरखाली करायची, दहादा, वीसदा, मोजत. खाटेच्या पायथ्याच्या खुरांखाली दोन-दोन विटा घातल्या होत्या, म्हणजे रात्री पाय छातीपेक्षा उंच राहील.

पहिले काही महिने ती डोळे मिटून बसायची. तोंड भिंतीकडे. मी काही बोलले तर हुं म्हणायची. एका संध्याकाळी, दिवाळीच्या आसपास असेल, मी करंगळीची बेचकी टिपत होते आणि ती एकदम म्हणाली, ‘गुदगुल्या व्हतेत न व.’ आम्ही दोघी किती हसलो. वहिनी आतून बघायला आली. त्या पायाला गुदगुल्या होऊ शकतात, त्याला काही सुखाचं वाटू शकतं, हे तिलाही नवं होतं. त्यानंतर ती बोलायला लागली. भंडाऱ्याच्या तळ्यांबद्दल, जिथे ती पोहायची. पैंजणांबद्दल. लग्नातले पैंजण तिने पाय सुजल्यावर मोडून मोठ्या बाबांच्या मागाला नवीन फणी घेतली होती. हे मोठ्या बाबांनाही शेवटपर्यंत माहीत नव्हतं, त्यांना ती माहेरच्या पैशांची वाटली.

वर्षाला चार-पाच वेळा येणारा ताप दुसऱ्या वर्षी एकदा आला. तिसऱ्या वर्षी आलाच नाही. पायाची कातडी मऊ पडली. घेर थोडा उतरला, फार नाही. ती २०१४ साली गेली, वयाने, झोपेत.

आता गोळ्यांचं सांगते, कारण हे माझ्या मनाला लागून आहे. हत्तीरोग असलेल्या जिल्ह्यांत २००४ पासून दरवर्षी सगळ्यांना गोळ्या द्यायची मोहीम सुरू झाली. पूर्व विदर्भ त्यात होता, आमचं नागपूर होतं. औषध डीईसी. ते १९४७ साली अमेरिकेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आलं. भीमावरमचा हा माणूस दुसऱ्याच वर्षी वारला. पुढे डीईसीसोबत अल्बेंडाझोल देऊ लागले. घरी बाई यायची, वयाप्रमाणे गोळ्या मोजून द्यायची, जेवल्यावर घ्या म्हणायची. मी हसून घ्यायचे आणि फ्रीजवरच्या डब्यात टाकायचे. तीन-चार वर्षांच्या गोळ्या त्या डब्यात साचल्या होत्या. मी मोठ्या आईचा पाय धुऊन घरी यायचे आणि त्या डब्याशेजारी चहाची साखर काढायचे. मला काय झालंय, मला कशाला गोळ्या? हे मी तेव्हा म्हणत होते, जेव्हा हा रोग कसा येतो ते मला तोंडपाठ होतं.

त्या गोळ्या सुजलेल्या पायासाठी नसतातच. त्या रक्तातली पिल्लं मारण्यासाठी असतात, म्हणजे डासाला न्यायला काही उरू नये. एकूण लोकसंख्येपैकी निदान ६५ टक्के माणसांनी दरवर्षी, काही वर्षं सलग, गिळल्या तर साखळी तुटते. मी न गिळलेली गोळी नालीपलीकडच्या कुठल्यातरी पाच वर्षांच्या मुलीच्या पायाची होती. वाटणाऱ्या बाईला गोळ्या हातात देऊन पुढच्या घरी जावं लागायचं, हे खरं आहे. पण डबा माझा होता.

२०१९ च्या जानेवारीत नागपूर जिल्ह्यात तीन औषधांची मोहीम झाली. देशात ती सुरू करणाऱ्या पहिल्या काही जिल्ह्यांत आपण होतो. तिसरं औषध आयव्हरमेक्टिन. ते ज्यापासून बनलं तो जिवाणू जपानमधल्या एका गोल्फच्या मैदानाजवळच्या मातीत सापडला होता, आणि त्या शोधाबद्दल २०१५ चं नोबेल मिळालं. या वेळी आशाताईसोबत उंची मोजायची काठी होती, कारण आयव्हरमेक्टिन उंचीप्रमाणे देतात. आणि या वेळी ती दारातून हलेना. ‘माझ्यासमोर घ्या ताई.’ मी काठीला पाठ लावून उभी राहिले. माझ्या वाट्याला तीन आल्या. डीईसीच्या तीन, अल्बेंडाझोलची एक चावून. माझा मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा, माझ्याहून उंच, त्याला चार. आशाताईने डाव्या हाताच्या बोटाला शाईची खूण केली आणि दाराच्या चौकटीवर खडूने लिहून गेली.

त्या रात्री मुलाला ताप आला. फार नाही, अंग कोमट, डोकं दुखतंय म्हणाला. मी त्याच्या उशाशी बसले. मला माहीत होतं की रक्तात पिल्लं असतील तर ती मरताना असा ताप येतो आणि एक-दोन दिवसांत जातो. घाबरायचं नसतं, औषध लागू पडलं असं समजायचं. मला हेही माहीत होतं की पंधरा वर्षांच्या मुलाला ताप यायला शंभर कारणं असतात. साडेअकरा वाजले होते. मी त्याच्या पायांकडे बघत होते. फुटबॉल खेळून खरचटलेले, नखं वाढलेले, दोन्ही सारखे. खिडकीला जाळी होती, भिंतीत गुडनाइट लावलेलं होतं. आमच्या लेआउटमध्ये नाली झाकलेली आहे, नळाला पाणी येतं, आम्ही सुखवस्तू माणसं आहोत. आणि मागे संडासाच्या टाकीचा गॅसपाइप उघडा होता, गेली तेरा वर्षं. रात्र संपली, ताप गेला. मी त्याचं रक्त कधी तपासून घेतलं नाही. सकाळी त्याला गच्चीवर पाठवून पाइपच्या तोंडाला जाळीचं कापड बांधून घेतलं, मग शेजारच्या तीन घरांतही. एका घरी म्हणाले, मलेरियावाल्यांचं काम आहे ते. त्यांच्याही पाइपला बांधलं.

चीन २००७ साली या रोगातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. तिथे लोकांच्या जेवणातल्या मिठातच औषध मिसळलं होतं. श्रीलंका २०१६ ला मुक्त झाली, बांगलादेश २०२३ ला. आपलं उद्दिष्ट २०२७ आहे. व्हायला हवं, आणि होऊ शकतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत मारबतींची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते, १८८१ पासून काळी आणि १८८५ पासून पिवळी, आणि सगळं शहर ओरडतं, रोगराई घेऊन जा गे मारबत. लहानपणी मोठे बाबा मला खांद्यावर घ्यायचे. मोठी आई त्या दिवशी दाराआड उभी राहून हात जोडायची, रस्त्यावर कधी आली नाही. गर्दीत पायावर पाय पडेल म्हणायची.

रक्तातली शेवटची पिल्लं संपतील त्या दिवशीही सुजलेले पाय असतीलच. ज्यांना लहानपणी डास चावून गेला ती माणसं आणखी तीस-चाळीस वर्षं आपल्यात राहतील. मुक्त झालेल्या देशातही त्यांना रोज संध्याकाळी साबण, पाणी आणि कुणाचे तरी हात लागणार.

सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात एक आजी सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि पालक घेऊन बसतात. उजव्या पायावर कायम पोतं पांघरलेलं. ऊन असलं तरी. मी तीन बुधवार त्यांच्याकडून सांभार घेतला आणि काही न बोलता घरी आले. माझं धाडस होत नव्हतं. आपण पोतं पाहिलं हे त्यांना कळलं तर त्या पुढच्या बुधवारी दुसरीकडे जाऊन बसतील, असं वाटायचं. चौथ्या बुधवारी संध्याकाळी उशिरा गेले. माल संपत आला होता. मी सांभाराची जुडी हातात घेतली आणि म्हटलं, ‘आजी, माझ्या मोठ्या आईचा पाय असाच होता. डावा.’

त्यांनी पोतं आणखी थोडं ओढून घेतलं. पैसे मोजले. मग विचारलं, ‘आता कशी हाय ते?’

‘गेली. पण शेवटची काही वर्षं तिला ताप आला नाही.’

‘मले तं महिन्याच्या महिन्याले येते.’

मी त्यांना धुण्याचं सांगितलं. फेस हातावर करायचा, बेचक्या उघडायच्या, टिपायचं, विटा. त्या ऐकत होत्या आणि उरलेल्या पालकावर पाणी शिंपडत होत्या. घरी कोण आहे विचारलं तर म्हणाल्या, सून हाय, चांगली हाय, पण तिले कसं म्हणू व माय, माहा पाय धू म्हणून? मी म्हटलं, नका म्हणू, मी येऊन एकदा धुऊन देते, तिला नुसतं बघू द्या. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. समोरचा कांदेवाला ताडपत्री आवरत होता.

‘पानी गरम घ्याचं का थंडं?’ त्यांनी विचारलं.

‘साधंच,’ मी म्हटलं, आणि त्यांच्या शेजारी पोत्याच्या कडेवर बसले.